२८ लिटरचा ओटीजी: फोंड्यातील एका घरातला अडीच वर्षांचा अनुभव

अडीच वर्षांपूर्वी गोव्यातल्या फोंड्याच्या बाजारातून आम्ही २८ लिटरचा ओटीजी, म्हणजे ओव्हन, टोस्टर आणि ग्रिल एकत्र असलेली विजेची भट्टी, आणला, तेव्हा दारात रोज पोदेराचा (पाववाल्याचा) भोंगा वाजत असताना पाव भाजायला वेगळे यंत्र कशाला, हा सासूबाईंचा प्रश्न बिनतोड होता. पावाच्या बाबतीत त्यांचेच खरे ठरले. लाकडाच्या आचेवर तापलेल्या भट्टीतून निघणाऱ्या उंडा आणि पोयी या गोव्याच्या पावांपैकी उंड्याचे कडक कवच आणि पोयीचा पोकळ फुगवटा या पेटीत काही केल्या साधत नाही, आणि तीन प्रयत्नांनंतर मी तो नाद सोडला. केवळ पावासाठी ओटीजी घेण्याचा विचार असेल, तर पैसे वाचवावेत.

या यंत्राची खरी किंमत कळते ती बेबिंका, म्हणजे गोव्याचा थरांचा गोड पदार्थ, करताना. पूर्वी झाकणावर सोडणांचे (नारळाच्या सालींचे) निखारे ठेवून हा पदार्थ वरच्या आचेवर भाजत, कारण प्रत्येक थर वरून तांबूस झाल्याशिवाय त्यावर पुढचा थर ओतता येत नाही. ओटीजीमध्ये उष्णता देणारा खालचा रॉड बंद ठेवून केवळ वरचा चालू ठेवता येतो, म्हणजे निखाऱ्यांचेच काम एका खटक्यावर होते. अंड्यांचे बलक, नारळाचे दाट दूध, साखर, मैदा आणि जायफळ यांच्या मिश्रणाचा पहिला थर मला वीस मिनिटांच्या आसपास लागतो, नंतरचे थर त्याहून लवकर होतात, आणि प्रत्येक थरापूर्वी चमचाभर तूप सोडावे लागते. सात थरांना माझी अख्खी दुपार जाते. जाळी मधल्या खाचेत ठेवावी. वरच्या खाचेत ठेवली तेव्हा थर आतून कच्चा असतानाच वरून करपला. २०२३ मध्ये गोव्याच्या बेबिंक्याला भौगोलिक मानांकन मिळाले, त्यानंतर आमच्याकडे येणारे पाहुणे तो अधिक आदराने खातात, एवढाच फरक मला जाणवला.

आता दोष. तापमानाच्या बटणावर विश्वास ठेवू नये. पहिले दोन केक कडेने काळे पडल्यावर मी आत ठेवण्याचा स्वतंत्र तापमापक आणला, तेव्हा बटण १८० अंशांवर असताना आत २०५ अंश भरत असल्याचे दिसले. विक्रेत्याने ‘सगळ्यांचे असेच असते’ म्हणून हात झटकले. आता मी बटण १६० च्या किंचित खाली ठेवते आणि काम चालते. दुसरी अडचण टायमरची आहे. तो किल्लीच्या घड्याळासारखा फिरतो, त्यामुळे पावसाळ्यात वीज गेली तरी टिकटिकत राहतो, आणि वीज परत येईपर्यंत घंटा वाजून गेलेली असते. अर्धवट फुगून खाली बसलेला केक आम्ही दोनदा गरम दुधात कुस्करून संपवला आहे. वीज गेली की लगेच वेळ टिपून ठेवणे, एवढाच उपाय मला सापडला.

रवा आणि खवलेल्या नारळाचा बाथ हा गोव्याचा केक मात्र या ओटीजीत बिनचूक होतो. मिश्रण रात्रभर मुरू दिले की रवा फुगतो आणि काप भुरभुरीत न होता ओलसर सुटतो. श्रावणात अंड्यांऐवजी दही घातले तर तो थोडा बसका होतो, पण चवीत तक्रार नसते. डबा फिकट रंगाच्या ॲल्युमिनियमचा घ्यावा, काळ्या डब्यात तळ लवकर लाल होतो. यंत्र १५०० वॅटचे असल्याने १६ अँपिअरचा प्लग लागतो, आणि आमच्या जुन्या घरात त्यासाठी वायरमनला बोलवावे लागले, तो खर्च किमतीत धरावा. बाहेरचा पत्रा आणि काचेचे दार दोन्ही चांगलेच तापतात, म्हणून मुलांच्या हाताला लागणार नाही अशी जागा निवडणे भाग आहे.

माहितीपुस्तिकेत नसलेला एक उपयोग सासूबाईंनी शोधला आहे. आषाढात डब्यातल्या नानकटाया आणि बोलिन्य (नारळाची बिस्किटे) दोनच दिवसांत मऊ पडतात. भाजण्याचे काम संपून यंत्र बंद केले की त्या उरलेल्या उष्णतेत ट्रेभर बोलिन्य ठेवून देतात, आणि दार किंचित उघडे राहावे म्हणून फटीत लाकडी डाव अडकवतात. गेल्या पावसाळ्यापासून तो डाव ओटीजीवरच असतो, आणि आमटीसाठी आम्हाला दुसरा आणावा लागला.