के१००० आणि जुना व्हिव्हिटार २८३: पाच महिने, सहा रोल

पेंटॅक्स के१००० माझ्याकडे बरीच वर्षं आहे. १९७६ ते १९९७ अशी एकवीस वर्षं बनत राहिलेला हा कॅमेरा पूर्ण यांत्रिक आहे. सेल फक्त उजेड मोजणाऱ्या मीटरसाठी लागतो, शटर त्याच्याशिवायही चालतं. पण दिवस मावळला की मी तो पिशवीत ठेवून द्यायचो. ५० मिमी एफ/२ लेन्स आणि २०० आयएसओचा, म्हणजे उजेडाला बेताचीच दाद देणारा रोल, एवढ्यावर ट्यूबलाइटखाली हात स्थिर ठेवून काय मिळणार? म्हणून गणपतीच्या आधी पुण्याच्या जुन्या बाजारातून व्हिव्हिटार २८३ फ्लॅश घेतला. १९७०च्या दशकातला, विटेएवढा जड, चार पेन्सिल सेलवर चालणारा.

घरी आणल्यावर आधी सेलच्या खणातली हिरवी बुरशी व्हिनेगरच्या बोळ्याने पुसली. मग नवे सेल घालून तो नुसता चालू करून ठेवला. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या फ्लॅशमधला वीज साठवणारा कपॅसिटर सुस्तावलेला असतो, त्याला जागं करावं लागतं. पहिला चार्ज व्हायला इतका वेळ लागला की पैसे बुडाले असंच वाटलं. पाच-सहा वेळा मारल्यावर ती बारीक, चढत जाणारी शिट्टी नीट ऐकू यायला लागली. आता आठ-दहा सेकंदांत फ्लॅश तयार असल्याचा दिवा लागतो. दिवा लागला म्हणजे पूर्ण भरला असं मात्र नाही. मी मनात आणखी पाच मोजतो. रिचार्जेबल सेलचा व्होल्टेज कमी, तरी साध्या अल्कलाइनपेक्षा ते फ्लॅश लवकर भरतात.

आता पहिल्या रोलची कहाणी. मावशीकडे गौरी बसल्या होत्या. दुपारी अंगणात मुलांचे फोटो काढले होते, त्यामुळे शटर १२५ वरच, म्हणजे सेकंदाच्या एकशेपंचविसाव्या भागावर, राहिलं. संध्याकाळी आरतीला फ्लॅश लावला आणि धडाधड अकरा फोटो काढले. रोल धुऊन आला तेव्हा प्रत्येक फ्रेमचा जवळजवळ अर्धा भाग लख्ख आणि उरलेला मिणमिणता, अंधारात बुडालेला. मावशी फोटो हातात धरून म्हणाली, "अरे, धाकटी गौर कुठंय?"

झालं होतं असं. के१००० चं शटर कापडी आहे. एक पडदा आडवा सरकतो, त्याच्या मागून दुसरा. ६० किंवा त्याहून सावकाश वेगाला एक क्षण असा येतो की पहिला पडदा पूर्ण उघडलेला असतो आणि दुसरा अजून निघालेला नसतो. फ्लॅशचा झपका तेव्हाच पडायला हवा. १२५ ला दुसरा पडदा आधीच वाटेला लागतो आणि फिल्मचा एक भाग झाकून टाकतो. हातानेच सगळं ठरवायच्या कॅमेऱ्यात कोणी सावध करत नाही. तो गुपचूप फोटो काढतो. आता हळदीकुंकवाला कॅमेरा उचलला की मावशीच आधी विचारते, "साठावर आहे का रे?"

या चुकीतूनच खरी गंमत हाती लागली. ६० ही वरची हद्द, खाली कितीही जा. फ्लॅश क्षणार्धात विझतो, त्यामुळे शटर किती वेळ उघडं राहिलं याच्याशी त्या उजेडाला देणंघेणं नाही. त्याला फक्त अपर्चर, म्हणजे लेन्समधलं लहान-मोठं होणारं छिद्र, आवरतं. खोलीचा उजेड मात्र शटर जितका वेळ उघडं, तितका आत येत राहतो. म्हणजे एकाच फोटोत दोन उजेड, आणि त्यातला एक मी शटरच्या चकतीने कमी-जास्त करू शकतो. दिवाळीत अपर्चर एफ/४ ठेवून ६० ऐवजी ८ वर फोटो काढले. ६० ला पणत्या म्हणजे काळोखातले ठिपके होते. ८ ला ज्योती उजळल्या, आकाशकंदिलाचा लाल उजेड भिंतीवर उतरला आणि बहिणीचा चेहराही स्थिर राहिला. दोन फोटोंत कंदिलाच्या झिरमिळ्या हललेल्या दिसतात. मला त्या तशाच आवडतात.

हिशोब सोपा आहे. या फ्लॅशचा गाइड नंबर, म्हणजे अंतराने भागला की अपर्चर सांगणारा आकडा, १०० आयएसओला मीटरमध्ये साधारण ३६. २०० च्या रोलला तो दीडपटीच्या जरा आत, म्हणजे ५१. माणूस तीन मीटरवर असेल तर ५१ भागिले ३, एफ/१६ लावायचं. पण असा समोरून मारलेला फ्लॅश मला सहन होत नाही. तेलकट कपाळ, मागे भिंतीवर काळी सावली, आधार कार्डाची कळा. म्हणून फ्लॅश ऑटोवर ठेवून त्याचं डोकं छताकडे वळवतो. फ्लॅशच्या समोरचा छोटा डोळा, म्हणजे सेन्सर, परतलेला उजेड मोजतो आणि पुरेसा झाला की फ्लॅश तोडतो. उरलेला चार्ज वाया जात नाही, पुढच्या फोटोला कामी येतो.

छत पांढरं हवं, ही अट मात्र पक्की. आजोळच्या वाड्यात लाकडी तुळया आहेत. तिथे सगळे चेहरे गुळाच्या रंगाचे आले, तेही अर्धवट अंधारात. काकांच्या पोपटी दिवाणखान्याबद्दल न बोललेलं बरं. आणि डोकं फक्त वर-खाली होतं, बाजूला वळत नाही. उभी फ्रेम घ्यायची तर उजेड छताऐवजी शेजारच्या भिंतीवर जातो.

ऑटोचा डोळाही भाबडाच. देवघरातल्या घासलेल्या समया चमकल्या की त्याला वाटतं उजेड झाला, आणि गणपती अंधारात राहतो. अशा वेळी मी अपर्चर एक घर उघडतो. कोजागिरीला गच्चीवर याच्या उलट झालं. मागे नुसता काळोख, छत नाही, डोळ्याकडे परत यायला काही नाही. फ्लॅशने सगळा जोर लावला आणि मंडळींचे चेहरे मसाला दुधापेक्षा पांढरे झाले. गच्चीवर आता मी ऑटो बंद करून गाइड नंबरानेच काम करतो.

एक गोष्ट घेण्याआधीच माहीत हवी. या जुन्या फ्लॅशपैकी काहींच्या कॅमेऱ्यावर बसणाऱ्या पायाशी दोनशेहून जास्त व्होल्ट असतात. यांत्रिक कॅमेऱ्याला त्याचं काही वाटत नाही, पण मल्टिमीटरने मोजल्याशिवाय डिजिटल कॅमेऱ्यावर हा चढवू नका. जोर हवा तसा कमी करायची सोयही मूळ फ्लॅशमध्ये नाही, त्यासाठी वेगळा तुकडा मिळवावा लागतो. मॅन्युअलवर तो प्रत्येक वेळी पूर्ण ताकदीनेच पडतो, आणि दीड मीटरवर बसलेल्या बाळाच्या बारशाला मी तो नेलाच नाही.

विकत घेताना आपले सेल खिशात घेऊन जा आणि एकदा नाही, लागोपाठ चार वेळा मारून बघा. मला विक्रेत्याने एकदाच मारून दाखवला होता. सध्या सेल काढून कपाटात ठेवतो आणि महिन्यातून एकदा, रोल असो वा नसो, घरच्या छतावर पाच-सहा झपके मारतो. त्या वेळी मांजर पलंगाखाली जाऊन बसतं.