प्लॅटिनम-कोबाल्ट पावडर: धुऊन घ्याल तर साडेतीन तारे

फ्युएल सेलच्या (हायड्रोजन आणि ऑक्सिजनमधून वीज बनवणाऱ्या सेलच्या) कामासाठी कार्बनवर बसवलेल्या प्लॅटिनम-कोबाल्ट उत्प्रेरकाची एक ग्रॅमची कुपी मागवली होती. कंपनीचं नाव लिहीत नाही. कुपी बोटभर, बिल हातभर.

पहिल्या दिवशी जीव खूश. ०.१ मोलार परक्लोरिक ॲसिड, इलेक्ट्रोड १६०० आरपीएमवर, आणि ०.९ व्होल्टला तेवढ्याच प्लॅटिनममधून, कोबाल्ट नसलेल्या साध्या प्लॅटिनम पावडरीच्या दुपटीहून जास्त करंट! कोबाल्टचा अणू लहान. तो प्लॅटिनमची जाळी आवळतो, मग ऑक्सिजन पृष्ठभागाला नको तितका चिकटत नाही. परीक्षेला पाठ केलेलं हे वाक्य आलेखात दिसलं की बरं वाटतं.

मग टिकाऊपणा. ०.६ आणि ०.९५ व्होल्टवर तीन-तीन सेकंद, अशा ३०,००० फेऱ्या, म्हणजे ५० तास. शुक्रवारी संध्याकाळी सहाला लावलं, रविवारी रात्री आठला संपलं. मध्ये वीज गेली, यूपीएसने लाज राखली. सोमवारी बघते तर ॲक्टिव्हिटी, म्हणजे ०.९ व्होल्टचा तोच करंट, निम्म्यावर! अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या लक्ष्यात घट ४० टक्क्यांच्या आत हवी. ते खऱ्या सेलसाठी आहे, पण माझी पावडर तर बीकरमध्येच नापास.

आमच्या लॅबच्या मॅडमनी एवढंच विचारलं, "आधी धुतली होतीस का?"

नव्हती. उरलेल्यातली अर्धा ग्रॅम सल्फ्युरिक ॲसिडमध्ये रात्रभर ढवळत ठेवली. सकाळी सेंट्रिफ्यूज करून वरचं पाणी पांढऱ्या कागदासमोर धरलं, तर फिकट गुलाबी. अलॉयमध्ये (प्लॅटिनमबरोबरच्या मिश्रधातूत) न मुरलेला कोबाल्ट! सेलमध्ये हाच सुटून नाफिऑनमध्ये, म्हणजे प्रोटॉन वाहून नेणाऱ्या पॉलिमरमध्ये, प्रोटॉनच्या जागा अडवून बसला असता. धुतलेल्या पावडरीचा पहिला आकडा जरा उतरला, पण तशाच ५० तासांनंतर घट त्या आकड्याच्या एक तृतीयांशावर थांबली. ही उरलेली घट धुऊन जाणारी नाही. बारीक कणांतलं प्लॅटिनम विरघळून मोठ्या कणांवर जाऊन बसतं, त्याला ॲसिड काय करणार?

माझी तक्रार माहितीपत्रकाबद्दल आहे. प्लॅटिनम किती टक्के, कण किती नॅनोमीटरचे, सगळं छापलंय; धुण्याबद्दल अक्षर नाही. फोन केला तर उत्तर आलं, "ते ग्राहकाने करायचं असतं, मॅडम." मग बाटलीवर लिहा ना! धुताना नळीला चिकटून जी पावडर गेली, तीही मी प्लॅटिनमच्या भावानेच घेतली होती.

पुन्हा घेईन, पण अर्धाच ग्रॅम.