अँड्रॉइड स्टुडिओ: काही महिने वापरून झाल्यावर (नवशिक्याच्या कॅल्क्युलेटरसाठी)

धाकटा भाऊ डिप्लोमाला आहे, मायक्रो प्रोजेक्टला त्याने कॅल्क्युलेटर ॲप घेतलं, तेही कोटलिन या प्रोग्रामिंग भाषेत, आणि त्यातले एरर काढायचं काम तेव्हापासून माझ्या गळ्यात पडलंय. त्यामुळे हा रिव्ह्यू फक्त त्याच अंगाने आहे, की सिंटॅक्स एरर (कोड लिहिण्याच्या नियमांतल्या चुका) आणि बाकीच्या चुका शोधायला हे ॲप बनवायचं सॉफ्टवेअर कितपत कामाला येतं. पाचपैकी चार स्टार.

पहिली गोष्ट, लाल रेघ आली म्हणजे चूक तिथेच असेल असं धरून चालू नका. बेरजेच्या फंक्शनचा शेवटचा महिरपी कंस राहिला होता आणि एरर कुठे, तर फाइलच्या पार तळाला! कारण कोटलिनमध्ये फंक्शनच्या पोटात फंक्शन चालतं, त्यामुळे वजाबाकी, गुणाकार सगळे बेरजेच्या आतच आहेत असं समजून कंपायलर (कोड तपासून त्याचं ॲपमध्ये रूपांतर करणारा प्रोग्राम) निवांत पुढे जातो आणि फाइल संपली की बोंब मारतो. अशा वेळी कंट्रोल ऑल्ट एल दाबा, सगळा कोड नीट इंडेंट होतो आणि जिथून ओळी उगाच उजवीकडे सरकलेल्या दिसतील त्याच्या जरा वर कंस गायब असतो. आणि बिल्डमध्ये (कोडपासून ॲप तयार करताना) वीस एरर दिसले तरी आधी फक्त वरचा एकच सोडवा, बरेचदा बाकीचे आपोआप जातात.

वर्डमधल्या नोट्समधून कोड कॉपी करत असाल तर अवतरणचिन्हं वाकडी येतात, ती कंपायलरला चालत नाहीत, हाताने परत टाइप करा. बटणावर ÷ दाखवा खुशाल, पण कोडमध्ये भागायला तिरकी रेघच लागते. आणि ७ भागिले २ चं उत्तर ३ येत असेल तर तो एरर नाही, दोन्ही इंट (पूर्णांक) आहेत म्हणून तसं होतंय, डबल (दशांश चालणारा प्रकार) करा.

ऑल्ट एंटर हे मला सगळ्यात आवडलेलं फीचर, व्हॅलचं (न बदलणारी किंमत) व्हार (बदलता येणारी) करणं, राहिलेला इम्पोर्ट (बाहेरचा कोड वापरायची ओळ) टाकणं, एका फटक्यात होतं. पण पोरं डोळे झाकून पहिला पर्याय घेतात ना, तिथे गोची आहे. फंक्शनच्या नावात एक अक्षर चुकलं तर ते "नवीन फंक्शन बनवू का" असंही विचारतं, हो म्हटलं की आत टूडू ("हे अजून लिहायचंय" अशी खूण, जी चालवली की ॲप बंद पडतं) टाकलेलं रिकामं फंक्शन तयार, लाल रेघ गेली, बिल्ड झालं, पोरगं खूश, आणि बराबरचं बटण दाबलं की ॲप धाडकन बंद.

पिवळ्या वॉर्निंगकडेही बघा हो. स्ट्रिंग डॉट फॉरमॅटवर (आकडा मजकुरात लिहिणारं फंक्शन) डीफॉल्ट लोकॅलची (फोनच्या भाषा-प्रदेशाच्या सेटिंगची) वॉर्निंग येते, भावाने ती सोडून दिली होती. त्याच्या फोनवर ॲप मस्त चालायचं, आईच्या फोनवर पहिलं उत्तर आलं की पुढची बेरीज करताना क्रॅश. आईचा फोन मराठीत आहे. फॉरमॅटने उत्तर ३.३३ असं देवनागरी आकड्यांत लिहिलं आणि टू डबलला (मजकुराचा परत आकडा करणारं फंक्शन) ते आकडे वाचता येत नाहीत, मग नंबर फॉरमॅट एक्सेप्शन हा एरर! फॉरमॅटला लोकॅल डॉट यूएस दिलं की विषय संपला. लॉगकॅटमध्ये (चालू ॲपच्या नोंदी दाखवणारी स्टुडिओतली खिडकी) हे स्पष्ट दिसतं, फक्त त्यात आपल्या फाइलचं नाव असलेली निळी ओळ शोधायची.

एक स्टार कापला तो वजनासाठी. नुसत्या स्टुडिओला ८ जीबी रॅम आणि इम्युलेटरसकट (लॅपटॉपवर चालणारा नकली फोन) १६ जीबी असं गूगलच सांगतं, म्हणून इम्युलेटरच्या नादी न लागता खरा फोन यूएसबीने जोडा (सेटिंगमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप केलं की डेव्हलपर ऑप्शन उघडतात, तिथे यूएसबी डीबगिंग चालू करायचं). लॅपटॉप ४ जीबीचा असेल तर नकोच, तोवर ब्राउझरमध्ये कोटलिन प्लेग्राउंडवर बेरीज-भागाकाराचं लॉजिक लिहून घ्या, बटणं आणि स्क्रीन नंतर कॉलेजच्या लॅबमध्ये जोडता येतील.