युगांडाच्या नावाखाली विकलेली केनियाची ओळख

माध्यमिक शाळेतून निवृत्त झाल्यावर युगांडात सहा महिने मुलांना विनामूल्य गणित शिकवावे, असे ठरवून मी एका मध्यस्थ संस्थेकडे १,४०,००० रुपये भरले. त्यांपैकी २८,००० रुपये केवळ ‘देशाची ओळख’ या चार आठवड्यांच्या ऑनलाइन वर्गाचे होते.

वर्गात आम्हांला शेजारच्या केनियात सर्रास बोलली जाणारी स्वाहिली भाषा शिकवण्यात आली आणि ‘हबारी’, ‘असांते’ मी विद्यार्थ्यासारखी वहीत घोटली. माझे काम मात्र जिंजा शहरात होते, जेथे नाईल नदी व्हिक्टोरिया सरोवरातून बाहेर पडते आणि माणसे आपापसांत लुसोगा किंवा लुगांडा बोलतात. स्वाहिली तेथे कागदोपत्री दुसरी राजभाषा असली, तरी ती दीर्घकाळ सैनिकांची भाषा समजली गेली. त्यामुळे माझे पाठांतर ऐकून बाजारातल्या भाजीवाल्या बाईंनी हसत इंग्रजीत भाव सांगितला. खरे तर ही लबाडी मला घरी बसूनच उमगायला हवी होती, कारण खर्चाच्या तक्त्यात रुपयाला सुमारे दीड शिलिंग असा दर धरला होता. तो केनियाचा दर आहे. युगांडाचे शिलिंग एका रुपयाला सुमारे चाळीस मिळतात. गणिताच्या शिक्षिकेच्या नजरेतून हे सुटावे, याची मला आजही लाज वाटते.

व्हिसाचे प्रकरण अधिक गंभीर होते. पर्यटकाच्या ई-व्हिसाचे सरकारी शुल्क ५० डॉलर असताना माझ्याकडून १८,००० रुपये घेतले गेले, आणि त्या व्हिसावर विनावेतन सेवाही करता येत नाही, त्यासाठी यजमान संस्थेमार्फत वेगळा परवाना काढावा लागतो, ही गोष्ट मला तेथे पोहोचल्यावर कळली. पीतज्वराच्या लशीची माहिती तेवढी बरोबर होती, पण ती लसीकरण केंद्रात कोणीही सांगितली असती.

मला जेथे शिकवायचे होते आणि ज्याला ‘अनाथालय’ म्हटले होते, तेथील अनेक मुलांचे पालक हयात होते; एका मुलाची आई तर दर रविवारी त्याला भेटून जात असे. परदेशी पाहुणे आले की मुलांना रांगेत उभे करून गाणी म्हणायला लावत. या बालगृहाला सरकारी मान्यता नाही, असे जिल्ह्याच्या समाजकल्याण अधिकाऱ्यांनी सांगितल्यावर मी एकोणिसाव्या दिवशी परतले.

म्हणून पैसे भरण्यापूर्वी यजमान संस्थेचे नोंदणीपत्र आणि बालगृह असल्यास त्याची मान्यता मागावी, तेथील माणसांशी मध्यस्थाला वगळून बोलावे आणि आपल्या कामासाठी कोणता परवाना लागतो, हे नवी दिल्लीतील युगांडाच्या उच्चायुक्तालयाला लेखी विचारावे. रक्कम एखाद्या व्यक्तीच्या खात्यावर मागितली, तर तेथेच थांबावे.

मी ती तशीच यूपीआयने भरली होती. परताव्यासाठी पावती काढली, तेव्हा तिच्यावर ‘शुल्क’ नव्हे, तर ‘स्वेच्छेने दिलेली देणगी’ असे छापलेले आढळले.