घरपोच नर्सच्या नावाखाली आमची झालेली फसवणूक

गेल्या पावसाळ्यात माझ्या ७४ वर्षांच्या वडिलांना पक्षाघात झाला. बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, तीन आठवडे उपचार घेऊन, नाकातून पोटात घातलेली नळी, लघवीची पिशवी आणि लुळी पडलेली उजवी बाजू अशा अवस्थेत आम्ही त्यांना डिचोलीला घरी आणले. आई सत्तरी ओलांडलेली आणि आम्ही नवरा-बायको दोघेही पणजीला नोकरीला, त्यामुळे चोवीस तास माणूस ठेवण्यावाचून गत्यंतर नव्हते.

एका खासगी संस्थेचा प्रतिनिधी घरी आला. तीन वर्षांची जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी) पदविका घेतलेली नर्स पाठवू, दर आठवड्याला वरिष्ठ परिचारिका येऊन तपासणी करील, असे त्याने आश्वासन दिले आणि संस्थेचे आयएसओ ९००१ प्रमाणपत्र पुढे ठेवले. ते पाहून मी निर्धास्त झालो. हे मानक संस्थेच्या कामकाजाच्या व्यवस्थेचे असते, रुग्णाच्या उशाशी बसणाऱ्या व्यक्तीला नळीतून अन्न देता येते की नाही याच्याशी त्याचा काही संबंध नसतो, हे मला पुष्कळ उशिरा समजले. नोंदणीचे ३,०००, अनामत १०,००० आणि एका महिन्याचे आगाऊ ३२,००० रुपये मी त्याच दिवशी भरले. पावतीवर ‘नर्स’ असा शब्द नव्हता, ‘रुग्णसेविका’ असा होता, आणि पुढे संस्थेने याच एका शब्दाचा आधार घेऊन हात वर केले.

आलेली मुलगी स्वभावाने गरीब आणि कष्टाळू होती, पण तिला काम येत नव्हते. लघवीची पिशवी मूत्राशयाच्या पातळीच्या खाली आणि जमिनीला न टेकता टांगायची असते, नाहीतर मूत्र उलटे फिरून जंतुसंसर्ग होतो; ती मात्र पिशवी गादीवर बाबांच्या शेजारी ठेवायची. नळीतून पेज देताना आणि दिल्यानंतरही काही वेळ डोक्याकडची बाजू तीस ते पंचेचाळीस अंश वर ठेवायला डॉक्टरांनी बजावले होते. आईने तिला बाबांना आडवे ठेवून भरवताना पाहिले आणि म्हटले, “बाय, बाबांना जरा उठवून बसव ना.” त्यावर “आजी, आम्हाला असंच दाखवलंय,” असे उत्तर मिळाले. आठवड्याला येणारी वरिष्ठ परिचारिका एकदाही उंबऱ्यावर दिसली नाही.

सर्वांत जास्त सलते ती वही. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, आणि त्याची नोंद करण्यासाठी संस्थेने एक छापील वही दिली होती. एका रात्री अकराच्या सुमारास पाणी प्यायला उठलो असता मी ती सहज उघडली. बारा, दोन, चार आणि सहा वाजताच्या नोंदी डावी कूस, पाठ, उजवी कूस अशा एकाच शाईत आधीच भरलेल्या होत्या. मी संस्थेला फोन केला, तेव्हा ही केवळ औपचारिकता असल्याचे सांगण्यात आले. चतुर्थी आठ दिवसांवर आली होती, त्या दिवसांत दुसरे माणूस मिळणे अशक्य, या विचाराने मी गप्प राहिलो. ती माझी चूक होती आणि तिची किंमत बाबांनी मोजली.

चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी त्यांना ताप भरला आणि छातीत घरघर सुरू झाली. १०८ बोलावून पुन्हा बांबोळी गाठली. तेथे त्यांना कुशीवर वळवले, तेव्हा माकडहाडापाशी तळहाताएवढी जखम निघाली, मध्यभागी कातडी काळी पडलेली. पेज श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया झाला असावा, असे डॉक्टरांचे मत पडले.

त्यानंतर मी संस्थेने दिलेल्या फाईलमधील तिच्या नर्सिंग प्रमाणपत्रावरच्या नोंदणी क्रमांकाची, परिचारिकांची नोंदणी ठेवणाऱ्या नर्सिंग परिषदेकडे चौकशी केली, तर त्या क्रमांकावर दुसऱ्याच व्यक्तीचे नाव होते. त्या मुलीने ते प्रमाणपत्र कधी पाहिलेही नव्हते. तिला आठ दिवस शिकवून पाठवले होते आणि आम्ही दिलेल्या ३२,००० रुपयांपैकी तिच्या हाती ११,००० पडत होते, हे तिने आईला रडत सांगितले. माझा तिच्यावरचा राग तेथेच ओसरला.

पैसे देण्यापूर्वी नोंदणी क्रमांक स्वतः परिषदेकडून पडताळून घ्यावा, येणाऱ्या व्यक्तीच्या ओळखपत्रावरील नावाशी तो जुळवून पाहावा आणि पावतीवर ‘नर्स’ की ‘रुग्णसेविका’ हे वाचल्याशिवाय सही करू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. देखरेखीला कोण आणि कोणत्या वारी येणार, हे करारात लिहून घ्यावे. माकडहाड, टाचा आणि खांद्यांची हाडे रोज उजेडात आपल्या डोळ्यांनी पाहावीत. तेथे दाबूनही न जाणारी लाली दिसली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे.

मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज करण्याची तयारी चालू आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते आणि सेवेसाठी दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही. बाबा घरी आले आहेत, जखम हळूहळू भरत आहे. अनामत अजून परत मिळालेली नाही. वही संस्थेने दोनदा मागितली, पण मी ती दिलेली नाही.