यूट्यूब किड्स: तिसरीच्या लेकराला पाढे येतात, म्हणून आधी कुलूप बदला

मी बीड जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत तिसरी-चौथीला शिकवते. दसरा झाला की आमच्या गावातले कितीतरी आई-बाप कोयते घेऊन कारखान्याच्या वाटेला लागतात. लेकरं आजी-आजोबांजवळ राहतात. फडावरून व्हिडिओ कॉल करता यावा म्हणून घरात एक स्मार्टफोन ठेवलेला असतो. कॉल थोड्या वेळात संपतो आणि मग झोपेपर्यंत फोन लेकराच्या हातात. "मॅडम, ह्याच्या हातातून फोन सुटंना," असं सांगत आज्या शाळेत येतात. त्यांच्या फोनवर मी यूट्यूब किड्स, म्हणजे यूट्यूबचं लहान मुलांसाठीचं वेगळं अ‍ॅप, टाकून देते, म्हणून हे लिहिणं अशा घरांच्या हिशोबानं आहे.

अ‍ॅप फुकट आहे आणि भारतात 2016 पासून आहे. यात कमेंट नाहीत, लेकराला स्वतःचा व्हिडिओही टाकता येत नाही. अनोळखी माणसाला त्याच्याशी बोलायला इथून वाटच नाही, आणि मला हीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते. 4 वर्षांपर्यंत, 5 ते 8 आणि 9 ते 12 असे वयाचे गट आहेत. मराठी गोष्टी, बडबडगीतं, कागदाच्या वस्तू, विज्ञानाचे प्रयोग, सगळं सापडतं. जाहिराती मात्र येतात.

खरी अडचण कुलपाची. मोठ्यांच्या सेटिंगमध्ये शिरायला अ‍ॅप एक गुणाकार विचारतं. सात गुणिले आठ किती? अहो, आमच्या तिसरीतली लेकरं रोज परिपाठानंतर उभं राहून पाढे म्हणतात! 'सात आठे छप्पन्न' त्यांना झोपेतही येतं, उलट कधी शाळेत न गेलेली आजीच बाहेर अडकते. त्यामुळे पहिलं काम म्हणजे तिथेच स्वतःचा चार अंकी पासकोड ठेवणं. ती सोय आहे, पण शोधावी लागते. आकडा लेकराच्या जन्मसालाचा ठेवू नका, गावातल्या सगळ्यांना तो माहीत असतो.

दुसरं काम म्हणजे शोध बंद करणं. व्हिडिओ मुख्यतः यंत्रानं गाळले जातात आणि एखादा नको तो निसटू शकतो, हे कंपनी स्वतःच सांगते. शोध बंद केला की लेकरापुढं येणाऱ्या व्हिडिओंचा पसारा बराच आवरतो. याहून कडक म्हणजे आपणच चॅनल निवडून द्यायचे आणि तेवढेच दिसू द्यायचे. त्याला अर्धा तास बसावं लागतं, पण पहिली-दुसरीच्या लेकरांसाठी मी हेच करते. टायमरही आहे, वेळ संपली की पडदा आपोआप बंद होतो. "बंद कर" म्हणून आजीला रोज भांडावं लागत नाही, हे त्या घरात फार मोठं असतं.

आता यूट्यूब किड्सच्या हातात नसलेली गोष्ट. त्याच फोनवर साधं यूट्यूब असतं आणि आजोबा त्यावर कीर्तन ऐकतात, मग ते काढणार कसं? लेकरू एक पाऊल मागं येऊन दुसऱ्या चिन्हावर बोट ठेवतं की आपली सगळी मेहनत वाया. यावर उपाय फोनमध्येच आहे. बऱ्याच अँड्रॉइड फोनच्या सुरक्षा सेटिंगमध्ये 'अ‍ॅप पिन' नावाची, म्हणजे एकच अ‍ॅप पडद्यावर अडकवून ठेवायची, सोय असते. ती चालू करून, बाहेर पडताना पिन विचारण्याचा पर्याय निवडायचा. मग लेकराला किड्स सोडून दुसरीकडं जाता येत नाही. आज्यांना हे शिकवायला मी तोंडी समजावत बसत नाही, त्यांच्याच बोटानं तीन-चार वेळा करून घेते.

वर्गात लेकरांना मी एवढंच सांगून ठेवलंय: भीती वाटेल असं काही दिसलं की फोन पालथा ठेवायचा आणि घरातल्या मोठ्याला हाक मारायची. रागवायचं नाही, हे आजी-आजोबांकडून कबूल करून घेतलंय. रागावलं तर पुढच्या वेळी लेकरू सांगतच नाही. कुणी ऑनलाइन त्रास देत असेल तर 1098 हा मुलांसाठीचा फुकट क्रमांक आहे, तो वर्गाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलाय.

पाचपैकी साडेतीन तारे. गुणाकाराचं कुलूप काढून पहिल्याच वेळी पासकोड विचारला असता तर चार दिले असते. चौथीच्या वरच्या लेकरांना हे अ‍ॅप बाळबोध वाटतं आणि ती कंटाळतात. त्यांच्यासाठी आई-बापाच्या खात्याला जोडलेलं फॅमिली लिंक, म्हणजे लेकराच्या फोनवर लक्ष ठेवायचं गूगलचं अ‍ॅप, बघा, पण त्याला लेकराचं वेगळं खातं लागतं आणि शक्यतो वेगळा फोनही.