नागरिक अभिप्राय सर्वेक्षण: नेमलेल्या संस्थेच्या कामाबद्दल

गेल्या वर्षी आमच्या नगरपरिषदेने पाणी, कचरा, रस्ते आणि दिवाबत्ती या सेवांबद्दल शहरवासीयांचे मत जाणून घेण्यासाठी एका खाजगी सर्वेक्षण संस्थेला काम दिले. त्या कामाच्या देखरेख समितीवर मी होतो. संस्थेचे नाव देत नाही, कारण ज्या त्रुटी पुढे सांगणार आहे त्यांतील निम्म्या आमच्याच निविदेतून आलेल्या होत्या. शहरांत राहणे किती सोयीचे आहे हे मोजणाऱ्या केंद्र सरकारच्या २०२० च्या राहणीमान सुलभता निर्देशांकात नागरिकांच्या अभिप्रायाला ३० टक्के भार देण्यात आला, तेव्हापासून अशा सर्वेक्षणांकडे कार्यालये गांभीर्याने पाहू लागली आहेत. म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आधी जे चांगले झाले ते सांगतो. प्रगणक स्थानिक होते, टॅबवर फॉर्म भरताना प्रत्येक घराचे ठिकाण नोंदले जात होते, आणि कुलूप लावलेले घर सोडून शेजारच्या घरात जाण्याऐवजी संध्याकाळी पुन्हा फेरी मारली जात होती. समितीने दर दहा फॉर्मांमागे एका घरी दूरध्वनी करून खातरजमा केली, तेव्हा एकही फॉर्म बनावट निघाला नाही. क्षेत्रकामातला हा प्रामाणिकपणा मला मनापासून आवडला.

प्रश्नावलीबाबत मात्र तसे म्हणता येत नाही. नदीकाठच्या एका चाळीत मी प्रगणक मुलीबरोबर गेलो होतो. ‘आपल्याला पाणी पुरेसे व स्वच्छ मिळते का?’ असा प्रश्न होता आणि उत्तरासाठी ‘समाधानी’ ते ‘असमाधानी’ असे पाच पर्याय होते. दारात तांदूळ निवडत बसलेल्या मावशी म्हणाल्या, “पाणी स्वच्छ आहे गं, पण पहाटे साडेचारला येतं आणि वीस मिनिटांत जातं. मग काय लिहिणार?” मुलीने क्षणभर टॅबकडे पाहिले आणि मधला पर्याय निवडला. तिचा काही दोष नव्हता. एका प्रश्नात दोन गोष्टी विचारल्या की असेच होते, आणि पंचवीस-तीस घरांत पूर्वचाचणी घेतली असती तर हे पहिल्याच दिवशी लक्षात आले असते. आम्ही कार्यादेशात पूर्वचाचणी मागितली नव्हती आणि संस्थेनेही ती सुचवली नाही. अनुभवी संस्थेकडून एवढी अपेक्षा नक्कीच ठेवता येते.

माझी सर्वात गंभीर तक्रार नमुन्याबाबत आहे. १५ प्रभागांत प्रत्येकी ४० अशी ६०० घरे घेण्यात आली. घरे नीट यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखी, निवडली असतील तर संपूर्ण शहराच्या चित्रासाठी हा आकडा पुरेसा आहे, कारण ९५ टक्के विश्वासपातळीवर, म्हणजे असे शंभर नमुने घेतले तर त्यांतील साधारण पंच्याण्णव वेळा, चूक फार तर ४ टक्के इकडे-तिकडे राहते. परंतु अहवालात प्रभागांची क्रमवारी लावण्यात आली आणि ४० घरांवर तीच चूक १५ टक्क्यांहून अधिक होते. म्हणजे एका प्रभागात ५५ टक्के लोक समाधानी आणि दुसऱ्यात ६३ टक्के, या फरकाला काहीच आधार नसतो. तरीही त्यावरून सभेत दोन नगरसेवकांमध्ये खडाजंगी झाली. प्रभागनिहाय तुलना हवी असेल तर प्रत्येक प्रभागात किमान ४०० च्या आसपास घरे लागतात आणि खर्च त्या प्रमाणात वाढतो, हे संस्थेने दर देण्यापूर्वीच आम्हाला स्पष्टपणे सांगायला हवे होते. शिवाय घरांची यादी मालमत्ता कराच्या नोंदवहीतून घेतल्यामुळे भाडेकरूंची खोली-खोली वेगळी मोजली गेली नाही आणि नोंद नसलेल्या झोपड्या तर यादीत आल्याच नाहीत. पाण्याची ओढाताण नेमकी तिथेच सर्वाधिक आहे.

अहवाल वेळेवर मिळाला, छपाईही चांगली होती. कच्ची माहिती, म्हणजे प्रत्येक घराची मूळ उत्तरे, मागितल्यावर मात्र ती करारात नाही असे उत्तर आले, आणि बराच पत्रव्यवहार झाल्यावर जी फाईल मिळाली तिच्यात उत्तरदात्यांची नावे आणि मोबाईल क्रमांक तसेच होते. ज्या बाईने मुकादमाबद्दल तक्रार केली तिचा क्रमांक त्याच कार्यालयात फिरणे मला अत्यंत आक्षेपार्ह वाटते, आणि वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा झाल्यावर तर ही ढिलाई कोणत्याही संस्थेला शोभत नाही.

या संस्थेला पुन्हा काम द्यावे का, असे विचारले तर क्षेत्रकामासाठी अवश्य द्यावे, असे माझे मत आहे. प्रश्नावली आणि नमुना ठरवण्याचे काम मात्र संख्याशास्त्र जाणणाऱ्या स्वतंत्र व्यक्तीकडे सोपवावे. देयक प्रत्येक फॉर्ममागे न देता पूर्वचाचणी, क्षेत्रकाम, नावे वगळलेली कच्ची माहिती आणि अहवाल अशा टप्प्यांवर द्यावे, आणि केवळ सर्वात कमी दर पाहण्याऐवजी तांत्रिक गुणांना निम्म्याहून अधिक महत्त्व द्यावे. पुढील फेरीच्या निविदेत या अटी घालण्याचा प्रस्ताव आम्ही मुख्याधिकाऱ्यांकडे दिला आहे.